आखूड हात

मला तो पंच लागला होता. डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या जरा वर. जोराचा नव्हता, मूठ टेकली आणि परत गेली एवढंच. पण लागला होता. मी लागला नाही म्हणून सांगितलं.

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सरांपाशी नाही आणि ज्याने तो पंच मारला त्याच्यापाशी तर नाहीच. तो आजही दर वर्षी पाऊस लागायच्या आधी पिशवी भरून सुके बोंबील आणून देतो. मी ते घेतो, चहा पाजतो, आम्ही जुन्या गोष्टी काढतो. त्यात हीही गोष्ट निघते. तो ती त्याच्या पद्धतीने सांगतो आणि हसतो. मीही हसतो.

ते दिवस दुःखाचे होते असं कुणी समजू नये. इतक्या सुखात मी पुन्हा कधी राहिलो नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. बोईसरला आमच्या चाळीमागे एक समाजमंदिर होतं. खाली कोबा, वर पत्रे, माळ्यावर गणपतीची मखरं आणि रंगीत पडदे. एका कोपऱ्यात मंडळाचा कॅरम. दुसऱ्या कोपऱ्यात, सोमवार-बुधवार-शुक्रवारी संध्याकाळी सहाला, आमचा कराटेचा क्लास. त्या काळात मारामारीचे सिनेमे बघून गावोगावची पोरं हवेत लाथा मारत होती. आमच्याकडे निदान शिकवणारा तरी खरा होता.

सर केरळचे. एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. मराठी समजायचं, बोलायचे हिंदी, आणि तीही मोजकी. कारखान्यात कधीतरी उजव्या डोळ्यात काहीतरी उडालं होतं, तेव्हापासून त्या डोळ्याला धूसर दिसे. ते स्वतः याबद्दल बोलत नसत, पण उजवीकडून आपण गेलो की ते मान जरा जास्त वळवत, त्यावरून कळायचं.

कराटेचे ड्रेस आम्ही बाजारातल्या शिंप्याकडून मांजरपाटाचे शिवून घेतले. तो बिचारा आयुष्यभर शर्ट शिवत आलेला. त्याने सगळ्यांच्या जॅकेटला छातीवर खिसा लावून दिला. सरांनी पहिल्या दिवशी रांगेवरून नजर फिरवली.

"पॉकेट में क्या रखेगा? बस का टिकट?"

मग आम्ही कोब्यावर बसून दाढीच्या ब्लेडने खिसे उसवले. त्या शिवणीच्या भोकांची चौकोनी नक्षी पुढे कित्येक वर्षं आमच्या छातीवर राहिली.

माझा जोडीदार जवळच्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचा होता. जोडीदार म्हणजे सरावाला समोर उभा राहणारा. क्लासमध्ये वीस-बावीस जण, पण उंचीला आम्ही दोघं सारखे म्हणून सरांनी आमची जोडी लावली ती कायमची. मी पालघरच्या कॉलेजात जाणारा, काटकुळा, वडील एका कारखान्यात स्टोअरकीपर. तो कोळ्याचा मुलगा, खांद्याने रुंद, कमरेला भरलेला. घरची बोट, दोन भाऊ तिच्यावर जायचे. हा मात्र रंगाच्या कारखान्यात कामाला, कारण बोट किनारा सोडायच्या आत त्याला उलट्या सुरू व्हायच्या.

"आमच्या आळीत मना काय बोलतात ठाव हाय?" त्यानेच मला सांगितलं. "बोलतात, हा जमिनीवरचा कोळी."

पहिली पाळी सुटली की घरी जाऊन, जेवून, वाटेतल्या पाम गावावरून सायकल मारत तो क्लासला यायचा. त्याचे हात कधी आमच्यासारखे नसत. कारखान्यात जो रंग चालू असेल तो त्याच्या मनगटापर्यंत. कधी पिवळे, कधी निळे, एकदा तर पंधरा दिवस जांभळे. साबणाने वरचा रंग जाई, पण कातडीत मुरलेला घामाबरोबर पुन्हा बाहेर येई. मग सरावात त्याची मूठ ज्याच्या जॅकेटला टेकली त्याच्या छातीवर फिकट ठसा. माझ्या आईने एकदा त्याला गाठून विचारलं, "काय रे, तुझ्याशी खेळणाऱ्यांना रोजच रंगपंचमी का?"

"मावशी, तुमीच सांगा त्याला, जरा मागं सरक म्हणून. दर वेळी खातो!"

त्याच्या रंगाचा क्लासला फायदाही झाला. नवा पट्टा मागवणं कुणाला परवडत नसे. सगळ्यांचा पट्टा तोच, पांढऱ्या कापडाचा. परीक्षा झाली की तो कारखान्यात सांडलेली रंगाची भुकटी कागदात बांधून आणायचा, समाजमंदिरामागच्या नळावर लोखंडी बादलीत पाणी उकळायचा, त्यात मीठ टाकायचा आणि आमचे पट्टे काठीने ढवळायचा. तिथेच पिवळा, तिथेच हिरवा. कॅरम खेळणारी म्हातारी मंडळी बघायला यायची. "काय शिजतंय आज?" असं विचारायची.

आता सरांच्या नियमाबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

कराटेत सरावाचा पंच अंगाला टेकवून लगेच मागे घ्यायचा असतो. दुखवायचं नाही. मग लागला की नाही हे ठरवणार कोण? इतर ठिकाणी रेफरी असतात, कोपऱ्यांत झेंडे घेऊन माणसं बसतात. आमच्याकडे एक ट्यूबलाइट, तीही लुकलुकणारी, आणि एका डोळ्याने कमी दिसणारे सर. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं.

"मारनेवाला नहीं बोलेगा. देखनेवाला भी नहीं. जिसको लगा, वो बोलेगा."

म्हणजे ज्याला लागला त्याने थांबायचं, उघडा हात स्वतःच्या छातीवर ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "लागला!" मगच समोरच्याला गुण. सुरुवातीला जीभ जड व्हायची. हरल्याची दवंडी स्वतःच पिटायची म्हणजे काय! पण महिन्या-दोन महिन्यांत त्यात एक मजा वाटू लागली. उलट जो चटकन म्हणेल त्याचा मान वाढायचा. पोरं हे बाहेर घेऊन गेली. मैदानात क्रिकेट खेळताना बॅटची कड लागली की आमच्या क्लासचा पोरगा छातीला हात लावून चालू पडायचा. कॅरमवाल्यांतले एक जण तर मंडळाच्या बैठकीत म्हणाले, "हा नियम कराटेपुरताच ठेवा बरं का. मंडळाला लावलात तर मंडळ बंद पडेल."

माझ्या जोडीदाराबरोबर खेळताना नियमाची गरजच नव्हती. त्याचा पंच लागला की ठसा उमटायचा. त्याच्यापुढे खोटं बोलायची सोयच नव्हती. बहुतेक म्हणूनच तीन वर्षं मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो.

उन्हाळ्यात सर आम्हाला केळव्याला न्यायचे. पहाटे टेम्पोत बसून जायचं, सुरूच्या झाडांखाली कपडे टांगायचे आणि ओल्या वाळूत पाय रोवून शंभर-शंभर पंच मारायचे. लाटा घोट्याला लागायच्या. मुंबईहून सुट्टीला आलेली माणसं थांबून बघायची आणि आमच्या आरोळ्या आपोआप मोठ्या व्हायच्या. एकदा सरांनी सगळ्यांना गुडघाभर पाण्यात उभं केलं. माझा जोडीदार दोन मिनिटांत पिवळा पडला.

"सर, मना पाण्यात नका उभं करू. पाणी हलतं."

सर मोठ्याने हसले. सर हसताना मी तेव्हाच पाहिले. नंतर किनाऱ्यावर बसून आम्ही शहाळी प्यायलो. तो म्हणाला, "एक सांगू? रंगात राहायचा नाय मना. हात बघ. लग्नाला मुलगी बघायला गेलो तर हात पाठीमागं लपवून बसाय लागेल."

"मग काय करणार?"

"शिकवीन. सरांसारखा. हात सफेद राहतील."

तशी संधी लवकरच आली. सरांना गुजरातेत दुसरीकडे काम मिळालं आणि क्लास कुणाच्या तरी हाती देऊन जायचं ठरलं. त्याच सुमाराला जवळच्या एका शाळेने सरांना विचारलं होतं, आठवड्यातून दोन दिवस मुलांना कराटे शिकवायला कुणी आहे का. अट एकच, ब्राऊन बेल्ट हवा. क्लासमध्ये तिथवर पोचलेले आम्ही दोघंच. सरांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"मुंबई से एक सीनियर आएगा. दोनों का टेस्ट होगा. एक ब्राऊन, एक छह महिने बाद. जो ब्राऊन होगा, वो क्लास लेगा. स्कूल भी."

क्लास, शाळा आणि पुढचं सगळं त्या एका पट्ट्यात होतं. मला कॉलेजनंतर काय करायचं हे माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

ब्राऊन पट्टा त्यानेच रंगवला. पहिला प्रयत्न फसला, शेवाळाचा रंग आला. मग लाल, पिवळा आणि चिमूटभर काळा मिसळून त्याने असा रंग काढला की सोललेल्या सुपारीची आठवण यावी. पट्टा वाळत घालताना मी बघितलं, नेहमीपेक्षा लांब होता.

"एवढा लांब कशाला?"

"माझी कंबर बघितलीस?" तो म्हणाला आणि लाजला. "म्हंजे, मिळाला तर. तुझ्या कमरेला आला तर दोन वेढे जास्ती मार."

परीक्षा रविवारी सकाळी होती. तो आला तेव्हा मी त्याचे हात बघून चमकलो. पांढरेफटक. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात आदल्या दिवशी दोन-तीनदा बुडवून घासले होते. बोटांच्या पेरांवर कातडी सोलपटली होती.

"हे काय केलंस?"

"मुंबईचा माणूस येनार. त्याच्यासमोर रंगारी म्हणून उभा राहू?" त्याने हात उलटे-सुलटे करून दाखवले. "जिंकलो तर असेच राहतील बघ."

मुंबईहून आलेले पाहुणे खुर्चीवर बसले होते, हातात कागद. आमच्या छातीवरची खिशाची भोकं बघून ते गालात हसले. सरांनी त्यांना इथला नियम समजावला. ते म्हणाले, "जैसा आपका तरीका." आम्ही दोघांनी ठरलेल्या हालचाली करून दाखवल्या, त्यात उन्नीस-बीस काही निघालं नाही. मग शेवटी आमची दोघांची लढत. दोन गुण आधी मिळवील तो जिंकला.

पहिला गुण त्याचा. मी छातीला हात लावून म्हणालो, "लागला." दुसरा माझा. त्याने म्हटलं, माझ्यापेक्षा मोठ्याने. एक-एक.

मग ते झालं. मी पुढे झेप घेतली, तो बाजूला सरकला आणि त्याची उजवी मूठ माझ्या बरगड्यांना टेकली. अचूक. सरांनी तीन वर्षं शिकवलं तसा, टेकून मागे गेलेला. पाहुण्यांकडे त्याची पाठ होती. आम्ही सरांच्या उजव्या, धूसर डोळ्याच्या बाजूला होतो. रांगेतल्या पोरांना माझी डावी बाजू दिसत नव्हती. तो थांबला. हात खाली घेऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हणायची वाट बघत होता. ती वाट बघणं मला अजून दिसतं, त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला सुरुवात झाली होती.

मी खाली जॅकेटकडे बघितलं. ठसा नव्हता.

"लगा?" सरांनी विचारलं.

"नहीं," मी म्हणालो.

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हात खाली आणून म्हणाले, "चलो."

तो अजून सावरत होता. स्वतःच्या मुठीकडे बघत होता. मी पुढे गेलो आणि सरळ छातीत पंच टेकवला. सरांनी विचारायच्या आत त्याने उघडा हात छातीवर ठेवला.

"लागला!"

पट्टा सरांनी माझ्या कमरेला बांधला. दोन वेढे जास्तीचे मारूनही टोकं गुडघ्यापर्यंत लोंबत होती. रांगेतली पोरं हसली, तोही हसला, टाळ्या वाजवल्या.

नंतर मागच्या नळावर आम्ही तोंड धुवत होतो. तो हळूच म्हणाला, "मघाशी लागला नव्हता का रे?"

सर सांगायचे, चूक झाली तर दुसऱ्या श्वासाला सुधारता येते. माझा तो दुसरा श्वास होता.

"नाही. बोटभर राहिला."

त्याने हात समोर लांब करून बघितला. "मंग हातच आखूड," तो म्हणाला आणि तोंडावर पाणी मारलं. माझ्यावर त्याने संशय घेतला नाही. नियम होता ना, ज्याला लागला तो बोलेल. मी बोललो नाही, म्हणजे लागला नाही. त्याने स्वतःच्या मुठीवर अविश्वास दाखवला, माझ्यावर नाही.

घरी येऊन मी जॅकेट उजेडात धरून पाहिलं. ठसा निघाला तर जाऊन सांगेन असं मनाशी म्हटलं होतं. पांढरं शुभ्र होतं. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

सर महिन्याभरात गेले. त्यांच्या गुजरातच्या पत्त्यावर मी एकदा पत्र लिहायला घेतलं होतं. क्लास कसा चाललाय एवढंच लिहून संपवलं. सहा महिन्यांनी मुंबईहून पाहुणे परत यायचे होते, ते आले नाहीत. क्लास मला मिळाला, शाळा मिळाली, पुढे त्याच शाळेत मी खेळाचा शिक्षक म्हणून कायम झालो. मुलं मला सर म्हणू लागली. बायको शाळेतलीच. चांगलं आयुष्य झालं, खोटं कशाला बोलू.

तो आणखी काही वर्षं रंगात राहिला. मग कारखाना बंद पडला आणि तो बोटीवर गेला. पहिलं वर्षभर रोज ओकला म्हणे. "समिंदराला दमवला शेवटी," असं सांगतो. लग्नात त्याचे हात निळे होते. फोटोत दिसतात, हळदीच्या वर निळे.

एक गोष्ट मात्र मी क्लास हाती आल्यावर लगेच केली. सरांचा नियम काढून टाकला. चार कोपऱ्यांत चार मुलं बसवली, हातात झेंडे दिले. लागला की नाही ते झेंडे ठरवतील. कारण विचारलं तर सांगायचो, आता स्पर्धांमध्ये असंच असतं. नव्वदच्या दशकात त्याची मुलगी माझ्या क्लासला येऊ लागली. पहिल्याच आठवड्यात तो दारात उभा राहून बघत होता.

"सरांची पद्धत मोडलीस रे?"

"आता झेंडेच लागतात."

"आमचं बरं होतं," तो म्हणाला. "माझा हात आखूड, ते मीच कबूल केलं. झेंडा कशाला पायजे!" मग पोरांकडे वळून त्याने ती गोष्ट सांगितली. ब्लीचिंगचे हात, सुपारीचा रंग, बोटभर राहिलेला पंच. फार छान सांगतो तो. पोरं पोट धरून हसली.

मुलगी गुणी होती. लाथा अशा की मोठी मुलं मागे सरायची. पण सरळ पंच मारताना ती अर्ध्यावर थांबे, अंगाजवळच हात ठेवी. मी एकदा विचारलं.

"सर, आमच्या घरात हात आखूडच हायत," ती म्हणाली. तिलाही त्यात विनोदच वाटत होता. "बाबांचा पण तसाच. बाबा बोलतात, तू पायानं खेळ."

मी तिचा हात धरून सरळ केला, माझ्या हाताशेजारी ठेवून दाखवला. दोन्ही सारखे. "तुझा हात आखूड नाही," मी म्हणालो.

"बाबांचा?"

कोपऱ्यातली झेंडेवाली मुलं बघत होती. मी म्हणालो, "चल, पुन्हा मार." तिने मारला. पुन्हा अर्ध्यावरच.

तिने पुढे क्लास सोडला, नर्स झाली, सुखात आहे. तोही सुखात आहे. गेल्या महिन्यात बोंबील घेऊन आला तेव्हा चहा पिता पिता त्याने कप घेतलेला हात पुढे केला आणि नेहमीसारखा म्हणाला, "आखूड हात, पण चहापर्यंत पोचतो बघ." मी हसलो. तो गेल्यावर बराच वेळ पिशवी तशीच दारात राहिली होती.

त्याचा हात आखूड नव्हता. मला लागला होता. दांडीला त्याच्या ओट्यावर, त्याच्या आणि त्याच्या मुलीच्या समोर उभं राहून, छातीवर उघडा हात ठेवून, हे मोठ्याने म्हणणं मी त्याला देणं लागतो. अजून म्हटलेलं नाही.